काडाचा रकाना

जुनं हार्वेस्टर कोणतं घ्यावं यासाठी आमच्या तनयनं सत्तावीस रकान्यांचा तक्ता केला होता. इंजिनाची ताकद, कोणत्या सालचं, किती तास चाललंय, डिझेल किती पितं, पात्याची रुंदी, डोक्यावर छत आहे की नाही. एवढंच काय, रंगालाही एक रकाना होता. गाई काय खाणार, हा रकाना मात्र त्यात नव्हता.

हे मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगते आहे. कारण पुढं जे घडलं त्याची एक वेगळीच कथा सध्या आमच्या ओळखीपाळखीत फिरते आहे, आणि ती सांगणारा माणूस माझ्याच घरात राहतो. कार्तिकात कुणाबद्दल वाईट बोलू नये म्हणून मी इतके दिवस गप्प बसले. आता मार्गशीर्ष लागला आहे.

दोड्डबळ्ळापूरच्या पुढं आमची पाच एकर जमीन आहे. दोन एकरांत नाचणी, एक एकर भात, बाकी पावटा, बांधावर नारळ आणि गोठ्यात दोन गाई. जमीन माझ्या नावावर आहे. गाईंना नावं मी ठेवली आहेत. आम्ही मल्लेश्वरमला राहतो आणि तिथलं सगळं प्रेमाक्का बघते. गेल्या वर्षी भाड्याचं हार्वेस्टर आठ दिवस उशिरा आलं आणि तोवर निम्मी नाचणी आडवी झाली. तेव्हाच आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "पुढच्या वर्षी आपलं स्वतःचं यंत्र."

आता ते भाड्याचं यंत्र उशिरा आलं हे ह्यांच्या लक्षात राहिलं. पण त्यानं कणसं तेवढी घेतली आणि काडाचा भुगा करून मातीत फेकला, हे नाही राहिलं. नाचणीचं काड म्हणजे आमच्या गाईंचं वर्षभराचं जेवण. ते गेल्यावर प्रेमाक्कानं सहा महिने तीन गावं हिंडून विकतचं काड आणलं. ते वाहून न्यायला आमचीच गाडी होती आणि ती चालवायला हेच होते. डिकीतल्या काड्या मी अजून झाडते आहे.

"काडाचं काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"हो हो, बघू," हे म्हणाले आणि तनयला फोन लावला.

तनय कोरमंगलाला एका स्टार्टअपमध्ये आहे. लोकांनी कोणतं ॲप का उघडावं हे तो ठरवतो. त्यानं शेत दोनदा पाहिलं आहे, त्यातलं एकदा गाडीतूनच. त्याला मी म्हटलं, "अरे, त्या तक्त्यात काडाचा एक रकाना घाल ना."

"आई, ते क्वालिटेटिव्ह आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे इम्पॉर्टंट आहे, पण मोजता येत नाही. मी वेगळ्या शीटवर टाकतो."

त्या वेगळ्या शीटचं नाव होतं 'नंतर बघू'. त्यात काड एकटंच होतं.

आमच्या ह्यांनी पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यात बेअरिंगं तपासली. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. आतली कोणती गोळी झिजली आहे ते सांगतात. खोटं नाही, खरंच सांगतात. लोखंडाच्या पोटातलं ज्यांना ऐकू येतं त्यांना स्वयंपाकघरातलं ऐकू येत नाही, याला वैद्यकशास्त्रात काही नाव असेल तर मला माहीत नाही.

शेजारचे श्रीवत्स रोज संध्याकाळी सल्ला द्यायला येऊ लागले. त्यांच्या चार पिढ्या बंगळूरात गेल्या. मराठी घरात बोलतात, पण वाक्याला कन्नडची फोडणी असतेच. त्यांच्या मावसभावाचं मंड्याला हार्वेस्टर होतं. होतं म्हणजे, विकलं.

"उल्हासराव, टायरचं बिल्कुल नको. रणगाड्यासारखं पट्ट्याचं घ्या. चिखलात टायर बसलं की आगोल्ल, संपलं."

"पण आपल्याकडे चिखल फक्त एक एकरात आहे," हे म्हणाले.

"तोच एक एकर तुम्हाला नडणार. स्वल्प अनुभवाचं ऐका."

"भावानं विकलं का मग?" मी विचारलं.

"काय म्हणालात अक्का?"

"विकलं का, म्हटलं."

"हां, कॉफी चालेल की! साखर स्वल्प कमी."

मी कॉफी केली. करताना मनातल्या मनात नामस्मरणही केलं, पण त्या दिवशीचं मोजणीत धरलं नाही. त्यात भक्तीपेक्षा राग जास्त होता.

मग सरकारी पायरी आली. अनुदान नव्या यंत्राला मिळतं, जुन्याला नाही, हे कळायला दोन खेटे गेले. परराज्यातलं यंत्र घेतलं तर तिथून ना हरकत पत्र लागतं, हे तिसऱ्यात कळलं. चौथ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "जमीन कुणाच्या नावावर?" हे म्हणाले, "मिसेसच्या." तर बाई म्हणाल्या, "मग तुम्ही का येता? त्यांना घेऊन या, सही त्यांची लागेल." त्या बाईंना मी कधी भेटले नाही, पण त्यांच्यासाठी त्या दिवशी एक वात जास्त लावली.

पुढचा प्रश्न वाटेचा. शेतात जायची आमची पाणंद नऊ फूट रुंद आणि यंत्र तेरा फूट. ह्यांनी दोनदा टेपनं मोजलं. दुसऱ्यांदा जरा ओढून धरलं, तरी नऊच भरलं. मग म्हणाले, "कोपऱ्यावरचे दोन नारळ काढले की वळेल."

ते नारळ माझ्या वडिलांनी लावले आहेत. मी म्हटलं, "नारळ तोडायचा नाही."

"तोडायचा नाही गं, काढायचा."

मी वाती वळायला बसले. त्या दिवसापासून कार्तिक लागत होता आणि माझा नेम सुरू होत होता.

हा नेम नीट सांगायला हवा, कारण सगळं रामायण त्यामुळं झालं असं आमचे हे म्हणतात. कार्तिक महिनाभर सकाळी उठल्यापासून गाईला घास घालेपर्यंत मी मौन पाळते. खुणा नाहीत, लिहिणंही नाही. नुसतं तोंड मिटून कागदावर भांडायचं, याला मौन म्हणत नाहीत. त्यात कठीण काही नाही. आमच्या गल्लीत डेअरीवाल्याची गाय रोज सव्वासातला येते. मी पोळी घालते, नमस्कार करते आणि बोलायला लागते. एकवीस वर्षं चाललं आहे.

त्या शनिवारी देवनहळ्ळीच्या पुढं यंत्र बघायला जायचं ठरलं. नाचणी तयार उभी होती, आणि चेन्नईकडं वादळ होतंय, बुधवारी इकडं पाऊस, असं बातम्यांत येत होतं. यंत्र शनिवारी ठरलं तर रविवारी शेतात, सोमवारी कापणी. हेब्बाळच्या पुलावर अडकायला नको म्हणून हे पहाटे उठल्याउठल्या म्हणाले, "सहाला निघू." मी गाईची खूण करणार होते, पण खुणा बंद. मी पोळीचा डबा उचलून दाखवला, म्हणजे तशी मीही घसरलेच.

"अगं, वाटेत शंभर गाई भेटतील!"

सहाला निघूनही हेब्बाळला अडकलोच. पुढं विमानतळाचा रस्ता. त्या रस्त्यावर सगळं आहे. काचेच्या इमारती आहेत, गवताचे गालिचे आहेत, दुधाच्या जाहिरातीत हसणारी पंचवीस फुटी गाय आहे. खरी एकही नाही. एका वळणावर म्हैस दिसली. ह्यांनी गाडी हळू केली आणि माझ्याकडं आशेनं पाहिलं. मी समोर बघत राहिले.

"दूध तर दोघी देतात," हे पुटपुटले.

यंत्रांच्या आवारात पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. दलाल बैरेगौडा फाटकातच उभा. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, बोलणं गोड. "या सर, या अम्मा! तमिळनाडूतून आलंय, एकाच मालकाचं. देवाची शपथ, फक्त भातात चाललंय."

यंत्र खरोखरच मोठं होतं, घरासारखं. आमच्या घरासारखं नाही, त्याहून मोठं. ह्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, इंजिन सुरू करवलं आणि जागोजागी कान लावत फिरू लागले. बैरेगौडा त्यांच्यामागं हात जोडून, देवळात पुजाऱ्यामागं जातात तसा. तासाभरानं ह्यांचा चेहरा उजळला. "एकच बेअरिंग गेलंय. बाकी सोनं आहे."

सोनं! आणि काड कुठून बाहेर पडतं ते बघायला यंत्राच्या मागच्या बाजूला कोणी गेलंच नाही. मी गेले. तिथं चार पाती होती, मिक्सरच्या भांड्यात असतात तशी, फक्त हातभर लांब.

मी पुढं आले तर करारपत्र मांडून तयार. "अम्मा, इथं सही."

मी पेन उचललं नाही. हात मागं घेतला आणि मान फिरवली.

बैरेगौडानं कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो! अम्मांचं बरोबर आहे. राहुकाळ चाललाय. साडेदहापर्यंत शुभ काम नको. सर, तुमच्या लक्षात नाही आलं, अम्मांच्या आलं."

हे कौतुकानं म्हणाले, "तिचं असं सगळं अचूक असतं."

साडेदहापर्यंत सगळे थांबले. साडेदहा वाजले, पेन पुढं आलं, मी पुन्हा मान फिरवली.

"दिशा," बैरेगौडा म्हणाला. "यंत्राचं तोंड दक्षिणेला आहे."

पंधरा मिनिटं धूर काढत ते घर पूर्वेकडं वळवण्यात आलं. मग लिंबं आली, पट्ट्याखाली ठेवली. नारळ आला. हळदीकुंकू आलं. इतका मान मला माहेरीही मिळाला नव्हता. माझ्या प्रत्येक नकाराचा त्या माणसांनी असा सोवळा अर्थ लावला की, माझ्या मनात यंत्राबद्दलच काही असेल, ही शंका कुणाला शिवली नाही. बाई नेमधर्माची, तेव्हा तिचं म्हणणं पंचांगाबाहेर कुठलं असणार?

शेवटी ह्यांना आठवलं. "अहो, ती बोलणार नाही. तिला आधी गाय पाहिजे."

"गाय? एवढंच?" बैरेगौडा फाटकाबाहेर धावला आणि दहा मिनिटांत घेऊन आला, नंदीबैल. पाठीवर आरशांची झूल, शिंगांना गोंडे, बरोबर सनई वाजवणारा मालक. मी नंदीला मनोभावे नमस्कार केला. पण घास गाईचा. डबा मी उघडला नाही.

बैरेगौडाला मात्र आलेली संधी दवडायची नव्हती. त्यानं नंदीला विचारलं, "बसवा, अम्मांनी हे यंत्र घ्यावं का?"

मालकानं दोरी जराशी हलवली. नंदीनं तीनदा मान डोलावली.

"बघा!" बैरेगौडा म्हणाला.

"वा!" आमचे हे म्हणाले. पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत शंभर सह्यांशिवाय खिळा न घेतलेला माणूस म्हणाला, "वा!"

तीन आठवडे मी जे विचारत होते ते कुणी ऐकलं नाही. नंदीचं मत विचारलं गेलं, ऐकलं गेलं, आणि त्याला वीस रुपयेही मिळाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते भक्तीचं आहे असं समजून बैरेगौडानं इंजिन पुन्हा सुरू करायला सांगितलं.

तेवढ्यात सनई ऐकून रस्त्यापलीकडून एक म्हातारी आली, आणि तिच्यामागं तिची गाय. खरी, तांबडी, कासरा गळ्यात. मी धावले. माझ्या वयाला आणि साडीला शोभणार नाही अशी धावले. पोळी घातली, पाया पडले, आणि सकाळपासून कोंडलेलं सगळं एका श्वासात बोलले.

कुणाला काही ऐकू आलं नाही. इंजिन सुरू होतं.

मी पुन्हा बोलले. आमच्या ह्यांनी हसून अंगठा वर केला. बैरेगौडानं पेन पुढं केलं.

मग मी पदर खोचला आणि त्या यंत्राची शिडी चढले. सात पायऱ्या. वर सीटवर बसलेला ड्रायव्हर मला बघून आपोआप उठून उभा राहिला. मी किल्ली फिरवली, काढली आणि मुठीत धरली. एकदम सगळं शांत. सनईवालासुद्धा थांबला.

"मागच्या बाजूला चार पाती आहेत," मी वरूनच म्हणाले. माझ्या नेहमीच्याच आवाजात. "त्यांतून नाचणीचं काड कसं बाहेर पडतं?"

बैरेगौडा खुश झाला. "पावडर, अम्मा! एकदम पावडर! मातीत मिसळतं, खत होतं, फ्री!"

"आणि माझ्या दोन गाई वर्षभर काय खातील?"

बैरेगौडानं ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी स्क्रूड्रायव्हरकडं. उत्तर दिलं त्या म्हातारीनं, कन्नडात, कुणीही न विचारता. "गेल्या साली आमच्या गावात हेच आणलं. हुल्लु राहिलं नाही. चार घरांनी जनावरं विकली."

हुल्लु म्हणजे काड. हे एवढं कन्नड आमच्या ह्यांना येतं.

ते शिडीपाशी आले. वर माझ्याकडं बघून, आणि माझ्या तोंडावर, सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, मग हे तू आधी का नाही बोललीस?"

मी किल्ली कुणाला दिली, शिडी कशी उतरले, मला आठवत नाही. हे म्हणतात मी किल्ली त्यांच्या अंगावर टाकली. शक्य नाही. माझ्या हातून तशी हिंसा होत नाही. कदाचित हातून निसटली असेल, त्यांच्या दिशेनं.

सही झाली नाही. पण नाचणी तशीच उभी होती आणि पावसाला चार दिवस होते. गाडीपाशी उभं राहून मी म्हातारीला विचारलं, "आता तुम्ही काय करता?" ती म्हणाली, गावच्या सोसायटीत छोटं कापणीयंत्र भाड्यानं मिळतं. मागून चालत ढकलायचं. नाचणी बुंध्याशी कापून एका बाजूला ओळीनं निजवतं. पेंढ्या बांधायच्या, गंजी घालायची, मळणी मग सवडीनं.

ते यंत्र बघून आमचे हे खचले. "हे तर बागेतलं गवत कापायचं आहे." त्यात ऐकण्यासारखं एकच बेअरिंग होतं, आणि तेही चांगलं होतं. पण ते पाणंदीतून गेलं. नारळांना न शिवता गेलं. रविवार-सोमवार कापणी झाली. प्रेमाक्का, तिच्या चार मैत्रिणी आणि मी पेंढ्या बांधत होतो. तनय आला, त्यानं अर्धा तास यंत्र ढकललं, मग सावलीत बसून मला म्हणाला, "आई, काडाचा रकाना घालायला हवा होता गं." मी म्हटलं, "तो क्वालिटेटिव्ह आहे. पेंढी उचल." मंगळवारी गंजी रचून वर ताडपत्री पडली आणि बुधवारी पहाटेपासून जो पाऊस लागला तो दोन दिवस. श्रीवत्स छत्री घेऊन येऊन सांगून गेले की ते पहिल्यापासून छोट्याच यंत्राच्या बाजूचे होते.

इथवरचं मी सोडून दिलं असतं.

पण गेल्या रविवारी आमच्या मराठी मंडळात ह्यांचं भाषण ठेवलं. विषय: 'मिश्र शेतीत यंत्राची निवड: काही अनुभव'. सभागृह भरलेलं. पुण्या-नागपूरकडचे नवे लोक, ज्यांनी सगळ्यांनी कुठं ना कुठं एकेक एकर घेऊन ठेवला आहे. आणि हे व्यासपीठावरून म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न विचारत होतो. काडाचं काय?"

टाळ्या झाल्या. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "किती बारकाईनं विचार करतात हो!" मी देवाचं नाव घेतलं. एकदा, दोनदा, अकरा वेळा. मला वाटलं, मंडळी, हेही पचेल.

मग एका तरुण मुलीनं विचारलं, "काका, गंजी रचताना काय काळजी घ्यायची?" तिच्याकडं तीन गाई आहेत म्हणाली.

 गंजी रचली तेव्हा हे ताडपत्री आणायला गेले होते. "सोपं आहे," हे म्हणाले. "गच्च दाबायची, चहूबाजूंनी हवाबंद करायची."

ओली पेंढी हवाबंद केली तर आतून तापते. काळी पडते, बुरशी धरते, आणि ती खाऊन गाय आजारी पडते. ती मुलगी वहीत लिहून घेत होती. हवाबंद.

मी उभी राहिले. "असं करू नका."

"मोठ्यानं बोला!" मागून कुणीतरी ओरडलं.

एक कार्यकर्ता माईक घेऊन धावत आला. मी तो हातात धरला आणि म्हटलं, "खाली लाकडं अंथरा, मध्ये हवेला वाट ठेवा." आणि माझाच आवाज वरच्या दोन कर्ण्यांतून, शांतपणे, एकेक अक्षर, सबंध सभागृहात पसरला. मागच्या रांगेतली माणसंसुद्धा माना वर करून बघू लागली. आमचे हे ऐकत होते. दुसरं काही करणं त्यांना शक्यच नव्हतं.

गंजीचं सांगून झालं. कार्यकर्त्यानं हात पुढं केला. मी म्हटलं, "थांबा, हे कुठून सुरू झालं ते सांगते." आणि सांगितलं. तक्ता सांगितला, पाती सांगितली, नंदी सांगितला. नंदीपाशी लोक इतके हसले की मला दोनदा थांबावं लागलं. हे व्यासपीठावर पाण्याचा पेला निरखत बसले होते. पाऊण तासानं अध्यक्षांची चिठ्ठी आली: 'कृपया आवरावे. पुढे बासरीवादन आहे.'

बासरीवाले विंगेत बासरी पुसत उभे होते. मला त्यांचं वाईट वाटलं. पण ना हरकत पत्राचं सगळं अजून सांगायचं राहिलं होतं.